गज, बोट आणि मधली एक मात्रा

कागदावर ते फार निरुपद्रवी दिसतं. चार मात्रांचा एक लांब सूर, त्याच्यावर लिहिलेलं 'आर्को', म्हणजे गजाने वाजवा. त्याला लागून पुढचा सूर, त्याच्यावर 'पिझ.', म्हणजे बोटाने छेडा. दोघांच्या मध्ये विश्रांतीची खूण नाही, काही नाही. लिहिणारा दोन शब्द लिहून मोकळा झाला. वाजवणाऱ्याने मात्र तेवढ्या फटीत गज आवरायचा, बोट सोडवायचं, तारेपर्यंत न्यायचं आणि बाकी सगळ्यांसोबत नेमक्या मात्रेवर तार छेडायची.

माझ्याकडे डबल बेस, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं सगळ्यात मोठं, उभं धरायचं वाद्य, शिकायला येणारी पोरगी असा कागद पहिल्यांदा बघून म्हणाली, "काका, तिसरा हात कुठून आणू?" तिला पुढचे दोन-तीन महिने जे सांगत गेलो, तेच इथे लिहितो.

मी कुठल्या मोठ्या संस्थेत शिकलेला माणूस नाही. नागपुरात वीसेक वर्षं ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवली. गणपती, कोजागरी, लग्नाच्या आदल्या रात्रीचे कार्यक्रम, सगळं केलं. डबल बेसला हात लावला तो पन्नाशीला, जुनी हिंदी गाणी मूळच्या वळणाने वाजवायची हौस म्हणून. बेस गिटार रुळण्याआधी मुंबईच्या स्टुडिओंत हेच धूड उभं असायचं. मुखड्यात बोटाने ठुमकायचं, मधल्या म्युझिकमध्ये व्हायोलिनांच्या खाली गजाने सूर धरायचा, की अंतऱ्याला पुन्हा बोट. आता रविवारी सकाळी सदरला आम्ही आठ जण जमतो. बेस एकटा माझा. तो ऑटोत मावत नाही, म्हणून छोटा हत्ती करून न्यावा लागतो, आणि प्रत्येक सिग्नलवर कोणी ना कोणी विचारतंच, "भाऊ, हे काय घेऊन चालले?"

शब्दांचं आधीच सांगून टाकतो. व्हायोलिनवाले 'बो' म्हणतात, मी गज म्हणतो, कारण सारंगीला गज म्हणत म्हणतच मोठा झालो. 'आर्को' म्हणजे इटालियनमध्ये गजच. 'पिझ.' हे 'पिझिकातो'चं लघुरूप, म्हणजे चिमटून वाजवलेलं. गजाच्या बुडाशी, आपण जिथे धरतो तिथे, जो लाकडी ठोकळा असतो तो फ्रॉग.

नव्या माणसाची समजूत अशी असते की हे काम हाताच्या चपळाईचं आहे. मग तो झटका मारतो, गज कुठेतरी आपटतो, तार छेडली जाते पण अर्धी मात्रा आधीच, कारण घाबरलेला हात कधीच उशिरा येत नाही, लवकरच येतो. माझ्या मते चपळाईचा इथे फारसा संबंध नाही. अदलाबदल जिथे 'पिझ.' लिहिलंय तिथे करायचीच नसते. ती त्याच्या आधीच्या सुरात उरकायची असते, आणि त्यासाठी एकच गोष्ट आधी बघायची: तो सूर संपेल तेव्हा माझा उजवा हात कुठे असेल?

बेसचा गज साधारण सव्वादोन-अडीच फुटांचा. फ्रॉगपासून टोकाकडे ओढत गेलात, म्हणजे डाउन-बो, तर सूर संपताना हात तारेपासून दीड फूट बाहेर, उजवीकडे लटकत असतो. तिथून परत येऊन तार छेडायची म्हणजे पाहुण्याला बर्डीवर सोडून ट्रेन पकडायला अजनीला धावण्यासारखं. उलट टोकाकडून फ्रॉगकडे ढकलत आलात, म्हणजे अप-बो, तर सूर संपताना हात आपोआप तारेजवळच पोहोचलेला असतो. वीतभर वर सरकवला की झालं.

म्हणून पहिलं काम पेन्सिलीचं. 'पिझ.'च्या आधीच्या शेवटच्या सुरावर अप-बोची खूण करा, ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते. मग तिथून मागे मागे मोजत जा आणि वाक्याच्या सुरुवातीला गज कुठल्या दिशेने निघाला पाहिजे ते ठरवा. हिशेब जमत नसेल तर लांब सूर मधेच तोडा. चार मात्रांचा सूर असेल तर दोन मात्रा बाहेर, दोन मात्रा आत. तिसऱ्या मात्रेवर गजाची दिशा बदलली हे ऐकणाऱ्याला सहसा कळत नाही. हात नीट चालला तर शेजारी बसलेल्या चेलोलाही नाही. मोठ्या ऑर्केस्ट्रात बेसवाल्यांची रांग असते आणि सगळ्यांचे गज एका दिशेने जावे लागतात, तिथे हे आपल्या मनाने करता येत नाही, आधी विचारावं लागतं. मी एकटाच असतो, त्यामुळे माझ्या रांगेत भांडण होत नाही.

दुसरी गोष्ट थोडी चोरीची आहे. शेवटच्या सुराची शेपटी कापायची. मात्रा पूर्ण भरायच्या आधी अर्ध्या मात्रेवर गज तारेवरून उचलायचा. पोरीला हे पटेना. "काका, पूर्ण लिहिलंय ना!" मग मोबाईल हॉलच्या दुसऱ्या टोकाला ठेवला आणि दोन्ही तऱ्हा रेकॉर्ड केल्या. एवढं मोठं खोकं आहे, गज उचलल्यावरही तार क्षणभर बोलत राहते, हॉल तिला धरून ठेवतो. तिने तीनदा ऐकलं आणि कुठली कोणती ते चुकीचं ओळखलं. एकच पथ्य: डाव्या हाताचं बोट तारेवर दाबलेलंच राहू द्या. गज उचलला म्हणून डावं बोटही सैल सोडलं तर सूर जागीच मरतो, आणि मग चोरी पकडली जाते.

आता पकड. इथे दोन घराणी आहेत. फ्रेंच गज वरून धरतात, चेलोसारखा. जर्मन गज खालून धरतात, तळहात आत वळवून, वायोल नावाच्या जुन्या गजवाद्याच्या चालीने. माझं दोन्हींशी पडलं, कारण मला दाखवणारा माणूस फ्रेंचवाला होता आणि मुंबईहून जुन्या बेससोबत आलेला गज निघाला जर्मन. दोन वर्षं तोच ओढला, मग फ्रेंच घेतला.

फ्रेंच गज असेल तर मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांनी फ्रॉग तळहातात आवळून घ्यायचा, नाणं खिशात टाकायच्या आधी मुठीत धरतो तसा. अंगठा गजावरून सोडायचा आणि फिंगरबोर्डच्या, म्हणजे ज्या लांब पट्टीवर डाव्या हाताने तारा दाबतो तिच्या, कडेला टेकवायचा. तर्जनी मोकळी. छेडायचं काम तिचं. इथे सगळा खेळ अंगठ्याचा आहे. अंगठा टेकला की हाताला कळतं आपण कुठे आहोत. तो अधांतरी राहिला तर तर्जनी तार शोधत फिरते. गजाचे केस अंगाकडे येऊ देऊ नका. घामेजल्या शर्टाला किंवा तळहाताला लागले की तेवढा भाग राळ (केसांनी तार पकडावी म्हणून त्यांना घासतात ती) धरत नाही आणि पुढच्या ओळीत गज तिथेच घसरतो.

जर्मन गजाची गोष्ट वेगळी. तिथे करंगळी आणि अनामिका फ्रॉगमध्ये आकड्यासारखी अडकवायची, बाकी पकड सोडून द्यायची, आणि गज टोक खाली करून लोंबकळू द्यायचा. तर्जनी आणि मधलं, दोन बोटं छेडायला मोकळी. ऐकायला सोपं वाटतं, पण लोंबणारा गज म्हणजे घंटेचा लोलक. तो बेसच्या कुशीवर आपटतो. टक्. बेसच्या पोकळीत तो टक् ढोलासारखा घुमतो.

माझ्या बाबतीत तर तो त्याहून पुढे गेला. पावसाळ्यातला कार्यक्रम, हळुवार गाणं, गायिका एकटीच आलाप घेतेय आणि मला दोन मात्रांत गज सोडून छेडायला जायचं होतं. गज खाली सोडला, त्याचं टोक समोरच्या म्युझिक स्टँडच्या तळपट्टीत अडकलं, मी हात वर घेतला आणि स्टँडही माझ्यासोबत वर आला. मग पडला. चेलोवाल्या काकूंच्या पायावर. काकूंनी एक सूर सोडला नाही, पण कार्यक्रम संपल्यावर पुढचे दोन रविवार माझ्याशी बोलल्या नाहीत. तेव्हापासून माझा स्टँड डावीकडे असतो आणि हात लांब करूनही टोक पोहोचणार नाही इतका दूर. कागद दिसत नसेल तर मोठ्या अक्षरात झेरॉक्स काढा, पण स्टँड जवळ ओढू नका.

छेडायचं कुठे? निवांत वेळ असेल तर फिंगरबोर्ड जिथे संपतो त्याच्या थोडं वर. तिथे तार लवचीक असते, आवाज गोल आणि भरीव येतो. बोटाच्या टोकाने नाही, तर्जनीच्या कडेने, पेराचं मांस लावून, तार बाजूला ओढून सोडायची. वर उचलून सोडली तर ती फिंगरबोर्डवर आपटून चटका देते. तो मुद्दाम हवा असतो तेव्हा त्याची वेगळी खूण लिहितात, वर्तुळावर उभी रेघ. फिंगरबोर्ड संपतो तिथून घोडीपर्यंतची, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या लाकडापर्यंतची, जागा गजाची. तिथे तारेवर राळ बसलेली असते. तिथे छेडाल तर बोट चिकट होईल, आणि बोटाचं तेल तारेला लागून गजही नीट धरणार नाही. दोघांचे मोहल्ले वेगळे ठेवलेले बरे.

घाईत मात्र हा नियम थोडा वाकवावा लागतो. एकाच मात्रेत बदल असेल तर हात वीतभर वर नेत बसू नका. फिंगरबोर्डच्या अगदी शेवटच्या टोकापाशी, जिथे हात आहे तिथूनच छेडा. आवाज थोडा बारीक येईल. उशिरा आलेल्या गोल आवाजापेक्षा वेळेवर आलेला बारीक आवाज बरा, असं माझं मत आहे, आणि आमचा तबलेवाला माझ्याशी सहमत आहे.

गज हातात ठेवायचाच नसेल तर भाता आहे. खरंच भाता, चामड्याची लांबट पिशवी, टेलपीसला, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवतात त्या पट्टीला, बांधायची आणि गज टोकाकडून त्यात सोडायचा. मी आठ मात्रांपेक्षा जास्त विश्रांती असेल किंवा पुढचं अख्खं गाणं बोटाचं असेल तरच वापरतो. हात मोकळा झाला की छेडण्याचा आवाज जड आणि मोठा येतो, यात वाद नाही. गज बाजूला ठेवण्याची सूचना तशी फार जुनी आहे. मोंतेवेर्दीने 1624 मधल्या एका रचनेत वाजवणाऱ्यांना गज बाजूला ठेवून दोन बोटांनी तारा छेडायला सांगितलंय. आणि चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीच्या तिसऱ्या भागात तर सगळ्या तंतुवाद्यांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटानेच वाजवायचं असतं. पुढचा भाग मात्र सगळ्या ऑर्केस्ट्राच्या दणक्याने उघडतो आणि तंतुवाद्यांच्या हाती तोवर गज परत आलेला असावा लागतो. भाता वापरणाऱ्याने अशा जागा आधी हेरून ठेवायच्या. गज म्युझिक स्टँडवर ठेवणार असाल तर खाली फ्लॅनेलचा तुकडा पसरा, नाहीतर लोखंडावर लाकूड ठेवल्याचा आवाज शेवटच्या रांगेत जातो.

आता परतीचा रस्ता, बोटाकडून गजाकडे. लोक जाण्याचा सराव करतात आणि येण्याचा करत नाहीत. खरी फजिती येण्यात आहे, कारण छेडलेली तार अजून थरथरत असते. त्या थरथरत्या तारेवर गज टेकवला की घर्रर्र असा आवाज येतो, माशी काचेवर आपटल्यासारखा. उपाय डाव्या हातात आहे. छेडलेला सूर पुरेसा वाजला की डाव्या बोटाचा दाब काढा, पण बोट तारेवरून उचलू नका, नुसतं टेकलेलं राहू द्या. तार गप्प होते. मोकळी, म्हणजे डाव्या बोटाने न दाबलेली तार असेल तर डाव्या हाताची दोन बोटं अलगद तिच्यावर ठेवा. एकच बोट नेमक्या जागी टेकलं तर तिथून बारीक शिट्टीसारखा स्वर निघू शकतो. तार गप्प झाली, मग गज टेकवायचा, केसांनी तार धरली हे हाताला जाणवू द्यायचं, आणि मग ओढायचं. हवेतून येत येत ओढायला गेलात तर पहिला सूर घसरलेला येतो.

पहिली ओढ डाउन-बोच घ्या, फ्रॉगजवळून. हात तिथेच आहे, लांब जायची गरज नाही. आणि पूर्ण पकड बसायची वाट बघू नका. माझ्याकडची ती पोरगी आधी अंगठा नीट ठेवायची, मग मधलं बोट, मग करंगळी, जणू पासपोर्टचा फोटो काढायचाय. तोवर सम निघून जायची. अर्धवट पकडीत पहिला गज ओढता आला पाहिजे. अंगठा आणि मधलं बोट जागेवर आले की ओढायला सुरुवात करा, बाकीची बोटं सूर चालू असताना आपापल्या घरी पोहोचतात. हा सराव वेगळा करा: मुद्दाम वाईट पकड धरून लांब सूर ओढायचा आणि सूर न हलवता पकड दुरुस्त करायची. दहा मिनिटं केलं की हात शहाणा होतो.

सरावासाठी मेट्रोनोमपेक्षा मला तबल्याचं अ‍ॅप जास्त आवडतं. तीनताल लावा, लय मिनिटाला साठ मात्रा. डी ची मोकळी तार. समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून गज, 'खाली'पासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून बोट. पहिल्या फेरीत फक्त पहिल्या चार मात्रा गजाने वाजवा आणि पाच ते आठ पूर्ण मोकळ्या सोडा. त्या चार मात्रांत हात सावकाश न्या, अंगठा टेकवा, तर्जनी तारेवर ठेवून थांबा. तबल्याने 'धा तिं तिं ता' सुरू केलं की नवव्या मात्रेवर छेडा, नऊ, दहा, अकरा, बारा. तेरा ते सोळा परतीसाठी. तार गप्प, गज टेकला, सम. हे कंटाळा येईपर्यंत करा, मग आणखी पाच मिनिटं.

नंतर गज सहाव्या मात्रेपर्यंत ओढा, म्हणजे हातात दोनच मात्रा उरतात. मग सातव्यापर्यंत. शेवटी साडेसातपर्यंत, हीच ती शेपटी कापण्याची जागा. परतीलाही तसंच कमी करत या. मेट्रोनोमची टिकटिक सगळीकडे सारखीच असते, पण ठेक्यात 'खाली'च्या 'तिं तिं'ला डग्गा गप्प होतो, सम यायच्या आधी परत बोलतो, आणि आपण आवर्तनात कुठे आहोत ते कानाला कळत राहतं. साठवर जमलं की लय वाढवण्याआधी तार बदला. ई ची जाड तार गप्प करायला जास्त वेळ लागतो, तो वेळ हिशेबात धरावा लागतो. त्यानंतर झपताल. समेपासून पाच मात्रा गज, सहावीला खाली, तिथून पाच मात्रा बोट. इथे उसंत कमी आहे आणि दोन-तीन-दोन-तीनमुळे हात सवयीवर चालू शकत नाही, म्हणूनच तो घ्यायचा.

हे सगळं एकदा न वाजवताही करून बघा. टीव्हीसमोर, गज हातात, बेस कोपऱ्यात. पकड सोड, आवळ, तर्जनी मोकळी, परत. बायको म्हणते, "काय करून राहिले हे?" करू द्या म्हणावं.

आता नागपूरकरांसाठी मे महिन्याचं. बेसची राळ व्हायोलिनच्या राळेपेक्षा मऊ आणि चिकट असते. नवतप्यात ती डबीत वितळून डबीचाच आकार घेते आणि डबी तिरपी असेल तर झाकणातून बाहेर येते. मी ती फ्रीजच्या दारात ठेवतो, लोणच्याच्या बाटलीशेजारी. थंडगार काढून लगेच घासू नका, तुकडे पडतात. पंधरा-वीस मिनिटं बाहेर राहू द्या. सरावाला बसताना कूलरच्या झोतासमोर बसू नका. दमट हवेत गजाचे केस लांबतात आणि गज सैल पडतो. तोच गज कूलर बंद करून कोरड्या खोलीत ठेवला की केस आखडतात आणि काडीवर ताण येतो, म्हणून वाजवून झालं की स्क्रू सैल करायचाच. घाम तर असतोच. बेसच्या एका खुंटीवर मी जुन्या धोतराचा तुकडा लटकवून ठेवतो. छेडण्याआधी नाही, गजाकडे परतण्याआधी तर्जनी आणि अंगठा त्याला पुसायचा. फ्रॉगवरून घसरणारा अंगठा एप्रिलपासून जूनपर्यंत माझा मुख्य शत्रू आहे.

आणि जिथे काहीच जमत नाही तिथे डावा हात आहे. ज्या सुरावर 'पिझ.' आहे तो मोकळ्या तारेचा असेल, ई, ए, डी किंवा जी, तर उजव्या हाताने धावपळ करायचीच कशाला? डाव्या हाताच्या अनामिकेने किंवा करंगळीने ती तार ओढून सोडा. कागदावर ही खूण अधिकच्या चिन्हाची असते, आणि लिहिलेली नसली तरी आपण पेन्सिलीने करून घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. आवाज लहान येतो, एकच सूर असेल तरच निभतो. पोरीने मागच्या रविवारी एका गाण्याच्या शेवटी हेच केलं. शेवटचा लांब सूर गजाने पूर्ण चार मात्रा धरला, शेपटीसुद्धा कापली नाही, आणि पाचव्या मात्रेवर करंगळीने ए ची मोकळी तार छेडली. गज तोवर हवेतच होता. चेलोवाल्या काकूंनी मान वळवून आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्या स्टँडकडे.